पुढची काच दोनदा बदलली: मे-जून २०२५च्या नोंदी

गाडी २०२१ची जर्मन सेडान, दोन हजार सीसी डिझेल, सेकंड हँड घेतलेली. समोरच्या काचेवर वेगाचा आकडा दाखवणारा हेडअप डिस्प्ले आहे, आरशामागे कॅमेरा आहे (लेन सोडली की स्टिअरिंग थरथरतं, समोरून गाडी आली की अप्पर आपोआप डिप्पर होतो) आणि रेन सेन्सर आहे. राहायला ठाण्यात, कोलशेत रोडला. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. एकाच मॉडेलला चार-पाच प्रकारच्या काचा असतात, माझा पार्ट नंबर बघून कुणी स्वतःसाठी काच मागवू नये.

रविवार, ४ मे

नाशिकहून परत येत होतो. पडघा ओलांडल्यावर पुढे खडीचा डंपर होता, वर ताडपत्री नाही. मी अंतर ठेवून होते, तरी खडा आलाच. ‘टक्’ एवढाच आवाज. घरी येऊन पाहिलं तर डाव्या बाजूला, खाली, कडेपासून तीन बोटांवर चांदणी पडली होती. एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान.

अशा चांदणीत रेझिन भरता येतं. अर्ध्या तासाचं काम, हजार-दीड हजारात होतं. चालकाच्या नजरेसमोर, कॅमेऱ्यासमोर किंवा कडेला अगदी लागून असेल तर कारागीर नाही म्हणतो. माझी कडेजवळची होती, त्यामुळे कदाचित नाहीच म्हणाला असता. पण मी विचारायलाही गेले नाही. निदान त्यावर पारदर्शक टेप तरी लावायला हवा होता, कारण धूळ आणि पाणी आत शिरलं की रेझिन धरत नाही. तेही केलं नाही.

शुक्रवार, ९ मे

गाडी दिवसभर वागळे इस्टेटमध्ये उन्हात. संध्याकाळी बसल्या बसल्या एसी पूर्ण सोडला आणि झोत काचेवर घेतला. कापूरबावडीच्या सिग्नलला उभी असताना डोळ्यांदेखत चांदणीतून रेघ निघाली आणि उजवीकडे सरकत गेली. घरी टेपने मोजली, ४१ सेंटिमीटर.

काच बाहेरून तापलेली, आतून एकदम गार झालेली, आणि चांदणी कडेजवळ, जिथे काचेवर आधीच ताण असतो. काच तुकडे होऊन अंगावर येत नाही, कारण दोन काचांच्या मध्ये पीव्हीबीचा चिवट पापुद्रा असतो. पण एवढा तडा गेल्यावर दुरुस्ती नाही, काच बदलायचीच.

शनिवार, १० मे

दोन कोटेशन घेतली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं धरून १,४६,०००, काच यायला दहा दिवस. विम्यातून कॅशलेस होईल म्हणाले. घराजवळच्या एका काचवाल्याकडे ४६,५००, फिटिंगसकट, तीन दिवसांत.

माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ५० टक्के आहे, जुन्या गाडीपासून चालत आलेला. तो घालवायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. काचवाल्याला हो म्हटलं.

त्याने विचारलं, ‘‘मॅडम, मॉडेल कुठलं, साल कुठलं, रेन सेन्सर आहे का?’’ मी तिन्हीची उत्तरं दिली. चौथा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि मलाही सुचला नाही.

मंगळवार, १३ मे

सकाळी अकराला गाडी दिली, सव्वाबाराला काच बसलेली. मी आत पंख्याखाली बसून ऑफिसचे मेल बघत होते. बाहेर डोकावले तेव्हा पोरगा कोपऱ्यात ट्यूबमधून काहीतरी भरत होता. विचारलं तर म्हणाला, ‘‘सिलिकॉन आहे, पाणी नाय येणार.’’ तासाभराने घेऊन जा म्हणाले. घेऊन आले.

रात्री आठ वाजता घोडबंदर रोडला लागले आणि वेगाचा आकडा दोन-दोन दिसायला लागला. ४८ च्या वर थोडं सरकलेलं फिकट ४८. चष्मा पुसला, डिस्प्लेची उंची खाली-वर केली. आकडा दोनच.

बुधवार, १४ मे

पुण्याला काम होतं. तीन गोष्टी कळल्या.

एक, फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला. तो सोलून काढता येत नाही, काढताना फाटावा असाच बनवलेला असतो. खालापूरला दुप्पट टोल भरला.

दोन, ८० च्या पुढे वरच्या डाव्या कोपऱ्यातून शीळ. आधी ही गाडी इतकी शांत होती की बाबा मागे बसून झोपायचे.

तीन, खोपोलीच्या भर उन्हात वायपर आपणहून दोनदा फिरले. रेन सेन्सर काचेला आतून चिकटलेला असतो. तो तिरका अदृश्य प्रकाश काचेत सोडतो आणि परत किती आला ते मोजतो. बाहेर थेंब असला की प्रकाश तिथून निसटतो आणि परत कमी येतो. सेन्सर आणि काचेच्या मध्ये पारदर्शक जेलची चकती असते. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला तर सेन्सरला तो थेंबासारखाच भासतो. माझी जुनीच चकती परत दाबून बसवली होती.

शुक्रवार, १६ मे

दोन आकड्यांचं कारण एका मित्राने सांगितलं, तो वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. आकडा डॅशबोर्डमधून काचेवर पडतो आणि परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. पण काचेला पृष्ठभाग दोन, आतला आणि बाहेरचा, म्हणून प्रतिबिंबंही दोन. हेडअप डिस्प्लेच्या गाडीत मधला पापुद्रा पाचरीसारखा असतो, खाली पातळ आणि वर किंचित जाड. त्यामुळे दोन्ही प्रतिबिंबं एकावर एक बसतात. साध्या काचेत पापुद्रा सगळीकडे सारखा. बाकी काच हुबेहूब तीच, मापही तेच, सेन्सरची जागाही तीच. नुसतं बघून फरक कळत नाही आणि फिटिंगने तो जात नाही.

म्हणजे काच चुकीची आहे. तो चौथा प्रश्न हा: हेडअप डिस्प्ले आहे का?

बुधवार, २१ मे

संध्याकाळी जोराचा पाऊस. बाबा शेजारी बसले होते. माजिवड्याच्या पुलावर म्हणाले, ‘‘अगं, माझा मोजा ओला कसा झाला?’’ डाव्या पिलरच्या (काचेच्या कडेचा खांब) आवरणाखालून बारीक धार येत होती आणि खाली मॅटमध्ये जिरत होती.

रात्री पार्किंगमध्ये मॅट उचलून गालिचा दाबला तर बोटांत पाणी आलं. या गाड्यांमध्ये गालिच्याखाली जाड फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो, आणि त्याच्याच खालून वायरिंगचे जुडगे जातात. वरून कोरडं दिसलं तरी आत आठवडाभर ओल राहते. गालिचा जेवढा निघाला तेवढा उचलून खाली वर्तमानपत्रं कोंबली आणि टेबल फॅन लावून ठेवला. चार रात्री हेच केलं. जोडण्या सुदैवाने कोरड्या होत्या.

गुरुवार, २२ मे

काचवाल्याकडे गेले. तो अजून सिलिकॉन भरून देतो म्हणाला. नको म्हटलं. दीड तास बोलणं झालं, शेवटी २०,००० परत दिले. २६,५०० गेले.

मग विमा कंपनीला फोन केला, योग्य काच आता क्लेममधून होईल का विचारायला. उत्तर सरळ होतं: फुटलेली काच गाडीवर असताना पाहणी व्हायला हवी. माझी फुटलेली काच नऊ दिवसांपूर्वी निघाली, भंगारात गेली. आता गाडीवर आहे ती चुकीची काच, आणि चुकीची काच हा अपघात नव्हे. क्लेम नाही.

फोन ठेवल्यावर जो हिशेब १० तारखेलाच करायला हवा होता तो केला. माझा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम बोनस वजा करण्याआधी ३६,०००च्या आसपास आहे. क्लेम केला तर बोनस ५० वरून शून्यावर येतो, पण कायमचा नाही. पुढे दर वर्षी क्लेम न करता २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० होतो. म्हणजे पहिल्या वर्षी ५० टक्के तोटा, मग ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के, सव्वा वर्षाचा प्रीमियम. माझ्या बाबतीत पाच वर्षांत मिळून ४५,०००, आणि गाडीची किंमत दर वर्षी उतरते म्हणून खरं तर त्याहून थोडे कमी. दुसऱ्या बाजूला, काचेवर विम्यात घसारा कापत नाहीत. रबर-प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, पण माझ्याकडे झिरो डेप (घसारा न कापण्याची जास्तीची सोय) आहे. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे २,००० स्वतःचे. म्हणजे दीड लाखाचं काम सत्तेचाळीस हजारांत, तेही पाच वर्षांत विभागून. काच पंचवीस हजारांची असती तर क्लेम न करणं बरोबर ठरलं असतं. मी बोनसचा टक्का बघितला, रुपये बघितले नाहीत.

शनिवार, २४ मे

तुर्भे एमआयडीसीत एक स्वतंत्र वर्कशॉप आहे, फक्त या वर्गातल्या गाड्या करतात. ऑफिसमधल्या दोघांनी सांगितलं म्हणून गेले. सर्व्हिस सेंटरऐवजी इथे का, तर इथे काम चालू असताना शेजारी उभं राहू देतात. आता मला बघायचं होतं.

काच बसवणारे उस्ताद साठीच्या घरातले. त्यांनी आधी गाडीला हातच लावला नाही. ‘‘ताई, चेसिस नंबर सांगा.’’ सतराच्या सतरा अक्षरं घेऊन त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरवर गाडी कारखान्यातून काय काय घेऊन निघाली ते काढलं. मग प्रश्न. आकडा काचेवर दिसतो का? कॅमेरा आहे का, आणि त्याच्यासमोरची काच गरम होते का? आवाज अडवणारी काच होती का? उष्णता अडवणारा थर होता का? वरचा पट्टा हिरवा होता की राखाडी? जुन्या काचेवरचा शिक्का आठवतो का?

शिक्का कोण आठवणीत ठेवतं! पण फोनमध्ये गाडी घेतली त्या दिवशीचा एक फोटो सापडला, त्यात कोपरा दिसत होता. मोठा करून बघितला. उत्पादकाचं नाव, वर्तुळातला ई, ४३आर, आणि त्याच्याखाली कानाचं बारीकसं चित्र. ते चित्र आवाज अडवणाऱ्या काचेचं, काही उत्पादक काढतात. अशा काचेत मधल्या पापुद्र्यात एक मऊ थर असतो. आता बसवलेल्या काचेवर कान नाही. म्हणजे शीळ बंद केली असती तरी गाडी पहिल्यासारखी शांत झाली नसती.

पार्ट नंबर निघाला. काच १,०९,०००, आठ ते दहा दिवस.

निघताना उस्तादांनी खालच्या कोपऱ्यात नखाने खरवडून बघितलं, बोट नाकाला लावलं आणि मुलाला म्हणाले, ‘‘सिलिकॉन आहे, एक दिवस जास्त धर.’’ तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

सोमवार, २६ मे

आज मान्सून मुंबईत दाखल झाला. एरवीची तारीख ११ जून. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरड्यात काम उरकू असा माझा अंदाज होता, तो गेला. डाव्या पिलरवर बाहेरून रुंद टेप लावला, गाडी स्टिल्टखाली ठेवली. आठवडाभर ऑफिसला लोकलने.

मंगळवार, २७ मे

५०,००० आगाऊ देऊन काच मागवली. पावतीवर पार्ट नंबर लिहून घेतला आणि एक ओळ जास्तीची: नंबर जुळला नाही तर काच परत. उस्तादांच्या मुलाने काही न बोलता लिहून दिली.

गुरुवार, ५ जून

काच आली. मी स्वतः जाऊन खोक्यावरचा नंबर आणि काचेवरचा शिक्का बघितला. कान आहे. कॅमेऱ्याची चौकट काचेला कारखान्यातूनच चिकटवलेली आहे. पहिल्या काचवाल्याने जुन्या काचेची चौकट काढून नवीवर चिकटवली होती, हे तेव्हा कळलं. ती अर्धा मिलिमीटर जरी तिरकी बसली तरी कॅमेरा भलतीकडे बघतो. तीन आठवड्यांत लेनचा इशारा एकदाही आला नव्हता, आणि मी समजत होते की मी नीट चालवते आहे.

शनिवारी बकरी ईद, उस्ताद सुट्टीवर. काम सोमवारी.

सोमवार, ९ जून

पावसाने गेले काही दिवस दडी मारली आहे, कोरडं ऊन. साडेनऊला पोहोचले.

बॅटरी सोडली. पिलरची आवरणं काढली. त्यांच्या मागे पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात आणि आवरणाच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. पहिल्या वेळी जुन्याच परत ठोकल्या होत्या, दोन तुटलेल्या निघाल्या. एअरबॅग उघडताना आवरण सुटून तोंडावर येऊ नये म्हणून त्या क्लिपा असतात.

काच तारेने कापली. आतून एक, बाहेरून एक, दोघांनी तार करवतीसारखी ओढत नेली. डॅशबोर्डवर जाड चादर, चौकटीच्या रंगाला पट्ट्या. मागच्या वेळी सुरीने कापली होती हे चौकटीवर लिहिलेलंच होतं: खालच्या डाव्या कोपऱ्यात दोन लांब ओरखडे, पत्र्यापर्यंत गेलेले, आणि त्यावर तांबडी गंजाची पावडर. सत्तावीस दिवसांत.

चिकटवणी किती मजबूत असली तरी ती रंगाला धरते आणि रंग पत्र्याला. रंगाखाली गंज सरकला की सगळं सालपटासारखं उचलून येतं. धार तिथूनच येत होती.

मग सिलिकॉन. काच पीयूने (पॉलियुरेथेनच्या चिकटवणीने) चिकटवतात आणि सिलिकॉनचा अंश जरी राहिला तरी पीयू तिथे धरत नाही. नुसतं पुसून ते जात नाही, उलट पसरतं. प्लास्टिकच्या पात्याने खरवडणं, मग क्लीनर, दर पुसण्याला नवं फडकं, परत खरवडणं. एका कोपऱ्याला अडीच तास लागले. मी घड्याळ लावून बसले होते. पहिल्या वेळी ते भरायला दोन मिनिटं लागली असतील.

गंज घासून पांढरा पत्रा काढला, इपॉक्सी प्रायमर मारला. तो पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून आज काच बसली नाही. काचेच्या जागी प्लास्टिक ताणून गाडी शेडमध्येच ठेवली. तुर्भ्याहून लोकलने ठाण्याला.

मंगळवार, १० जून

जुन्या पीयूचा सगळा थर काढत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवतात, नवा पीयू त्याला सर्वांत चांगला धरतो. जिथे पत्रा उघडा पडला होता तिथे फक्त प्रायमर. काचेच्या काळ्या कडेवर वेगळा प्रायमर, तो वाळेपर्यंत चहा.

आधी काच कोरडीच ठेवून बघितली, चारी बाजूंची फट मोजली, काचेवर आणि बॉडीवर समोरासमोर टेपचे तुकडे लावून मधे कापले. बसवताना टेप टेपला जुळवायचा. मग पीयूची गन. नळीचं तोंड इंग्रजी व्हीसारखं कापलेलं, त्यामुळे पट्टा त्रिकोणी पडतो, उंच आणि सलग. पट्टा मारायला सुरुवात केली तेव्हा उस्तादांनी शेडमधला रेडिओ बंद करायला लावला आणि कुणाशी बोलले नाहीत. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्यावर साय लवकर येते, आणि साय आल्यावर काच टेकवली तर ती वरवर चिकटते. पट्टा पूर्ण झाल्यापासून काच बसेपर्यंत चार मिनिटं गेली. दोघांनी सक्शन कपने उचलली, टेप जुळवली, तळव्यांनी कडेकडेने दाबली.

पावसाळ्यात हे काम करू नये असं बरेच जण सांगतात. उस्तादांचं म्हणणं, हवा दमट असली तर पीयू उलट लवकर पिकतो, भीती फक्त चौकटीवर पाण्याचा थेंब पडायची. पक्कं छप्पर असेल तर करावं, उघड्यावर किंवा सोसायटीच्या आवारात करू नये. मला ते पटलं.

वरची बीडिंग नवी, काऊलच्या (काचेखालच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या) क्लिपा नव्या, जेलची चकती नवी, बुडबुडा नाही हे बाहेरून टॉर्च मारून दाखवलं.

गाडी किती वेळाने हलवायची, हा प्रश्न मी पहिल्या वेळी विचारला नव्हता. पीयूच्या डब्यावर वेळ लिहिलेली असते आणि ती तपमानाप्रमाणे बदलते. या पीयूला चार तास. ही अट पाण्यासाठी नाही, अपघातासाठी आहे. डावीकडची एअरबॅग उघडताना बहुतेक गाड्यांत काचेवर आपटून प्रवाशाकडे वळते. काच कच्ची असेल तर ती काचच बाहेर ढकलते. गाडी उलटली तर छताचा भारही काचेवर येतो. १३ मेला एका तासाने मी गाडी घेऊन निघाले होते, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना शेजारी बसवलं होतं.

आम्ही सहा तास थांबलो. घरी जाताना एक खिडकी दोन बोटं उघडी, दार हळू लावायचं, कारण बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा काचेला बाहेर रेटते. दोन दिवस धुवायची नाही. विटाव्याच्या खड्ड्यांतून बैलगाडीच्या वेगाने आले.

कोलशेतला वळताना आकडा बघितला. एकच.

बुधवार, ११ जून

कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन. गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक उभा करून कॅमेऱ्याला सरळ म्हणजे काय ते शिकवायचं. दोनदा फेल. पहिल्यांदा टायरमधली हवा डावी-उजवी सारखी नव्हती. दुसऱ्यांदा डिकीत बाबांनी नेहमी ठेवलेले पाण्याचे दोन कॅन निघाले, मागून गाडी दबली होती. कॅन काढले, तिसऱ्यांदा झालं. जिथे फरशीला उतार आहे किंवा असा फलकच नाही, तिथे ‘होऊन जाईल मॅडम’ म्हणाले तर विश्वास ठेवू नये.

पाण्याची चाचणी पण आजच. साधा पाइप, प्रेशर नाही, खालून सुरू करून हळूहळू वर, प्रत्येक कोपऱ्यावर पाच मिनिटं. आत मी टॉर्च घेऊन. कोरडं.

गुरुवार, १२ जून

या गाडीला फलकानंतर रस्त्यावरचाही टप्पा लागतो. लेनच्या रेघा स्पष्ट हव्यात आणि वेग स्थिर. आधी पाम बीच रोडला गेलो, पण सिग्नलमुळे वेग धरता येईना. मग उस्तादांचा मुलगा म्हणाला, अटल सेतूवर जाऊ. २१.८ किलोमीटर, मधे सिग्नल नाही, रेघा ठळक, आणि १००ची मर्यादा. चिर्ले सोडून दहा-बारा मिनिटांत स्क्रीनवर पूर्ण झाल्याची खूण आली. परत येताना मुद्दाम इंडिकेटर न देता रेघ ओलांडली. स्टिअरिंग थरथरलं.

फास्टॅग आठवडाभर आधी बँकेच्या ॲपवरून मागवून ठेवला होता, १०० रुपये. नवा सुरू झाला की जुना बंद होतो, म्हणून काच निघायच्या दिवशीच सुरू केला. या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर आहे, त्याच्यामागे टॅग वाचला जात नाही. आरशाच्या बाजूला ठिपक्यांची एक चौकट थर न देता सोडलेली असते, तिथेच लावला. सेतूवर दोन्ही वेळा वाचला.

वर्कशॉपमध्ये एकाने नव्या काचेला गडद फिल्म लावून देऊ का विचारलं. नको म्हटलं. पुढच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार जायला हवा हा नियम आहे, आणि कॅमेऱ्यालाही त्याच काचेतून बघायचं आहे.

रविवार, २२ जून

आठवडाभर पाऊस झाला. डाव्या बाजूला गालिच्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली होती. आज काढली, करकरीत कोरडी. एक्स्प्रेसवेवर शीळ नाही. वायपर फक्त पावसात फिरतात.

खर्च असा. पहिल्या काचेचे परतावा वजा जाता २६,५००. दुसरी काच १,०९,०००. बीडिंग, क्लिपा, जेल चकती ७,८००. पीयू, प्रायमर आणि मजुरी ९,५००. गंज आणि सिलिकॉन काढायचे ३,५००. कॅलिब्रेशन ८,०००. दुसरा फास्टॅग १००. एकूण १,६४,४००, आणि चार मेपासून सात आठवडे. दुप्पट टोल, लोकलचे पास आणि ऑफिसच्या साडेतीन रजा यात धरलेल्या नाहीत.

कोपऱ्यातल्या शिक्क्याचा, बीडिंगचा आणि पावतीवरच्या पार्ट नंबरचा फोटो काढून प्रिंट आरसीच्या पाकिटात ठेवली. त्याच कागदावर मागे विमा कंपनीचा क्लेमचा नंबर लिहिला आहे आणि खाली बाबांनी त्यांच्या अक्षरात जोडलं आहे: ‘आधी फोन, मग काच.’